पावतीवरच्या दोन वेळा

ताई, सप्रेम नमस्कार.

म्हापशाच्या मामाच्या लॉजवरची ती पावती आठवते ना? सावंतवाडीचं गिऱ्हाईक बुधवारी आलं, शुक्रवारचा बाजार करून निघालं, आणि पावतीवर 'आगमन', 'प्रस्थान' दोन्हींपुढे बुधवार सकाळ! "राहिलोच नाही तर पैसे कसले?" म्हणत त्याने मामाला गल्ल्यापाशीच धरलं. प्रोग्रॅम माझा, सी भाषेतला; पावती छापायचं काम त्यातल्या प्रिंटएफ या फंक्शनचं. तीन रात्री मी डेटाबेस उपसत होतो. तुम्ही कँटीनमध्ये पातळभाजीत पाव बुडवत कोडकडे पाहिलंत आणि म्हणालात, "एकाच प्रिंटएफमध्ये सीटाइम दोनदा?"

सीटाइम, म्हणजे वेळ अक्षरांत लिहून देणारं फंक्शन, दर वेळी नवी स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) देतं, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही पेपर नॅपकिनवर चौकोन काढलात: त्याच्याकडे फळा एकच, २६ अक्षरांचा. त्यावर वेळ लिहायची आणि फळा कुठे आहे तेवढं सांगायचं. दुसऱ्यांदा बोलावलं की पहिलं पुसलं जातं. उरते ती शेवटी लिहिलेली वेळ, आणि आधी कुठलं आर्ग्युमेंट, म्हणजे प्रिंटएफला दिलेल्या दोन वेळांपैकी कुठली, घ्यायचं ते सी भाषा ठरवून देत नाही. म्हणून माझ्या लॅपटॉपवर दोन्हीकडे शुक्रवार यायचा, मामाकडे बुधवार.

मग मी अतिशहाणपणा केला. दिसेल त्या स्ट्रिंगची स्ट्रडपने प्रत काढली, पण प्रतीची मेमरी परत करणारं फ्री एकदाही नाही. काउंटरवर रात्रंदिवस चालणारा प्रोग्रॅम फुगत गेला. "प्रती काढल्यास, आता आवरणार कोण? मामा?" हा तुमचा टोमणा अजून लागतो. शेवटी लोकलटाइम_आर आणि स्ट्रएफटाइम, म्हणजे आपण दिलेल्या जागेतच लिहिणारी फंक्शनं, वापरून दोन वेळांसाठी माझेच दोन अ‍ॅरे दिले. डबा आपला, जेवण त्यांचं. हेच मला सगळ्यात पटलं.

लायब्ररीने सदैव प्रतच द्यावी, हा हट्ट मी सोडलाय. गेटएन्व्ह, म्हणजे सिस्टिमच्या सेटिंगची किंमत सांगणारं फंक्शन, मूळ स्ट्रिंगच हाती देतं. नुसती वाचायची तर दर वेळी प्रत कशाला? पण एका बाबतीत अजून भांडेन: तिला हात लावू नये म्हणतात, मग परतीच्या टाइपमध्ये 'बदलू नका' सांगणारं कॉन्स्ट का नाही? ही पाटी दारावरच हवी होती.

नॅपकिन मी जपून ठेवलाय, भाजीच्या डागासकट. मामाने तुमच्यासाठी डझनभर मानकुराद आंबे काढून ठेवलेत. शुक्रवार सोडून या. बाजारादिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही.

तुमचा,
मामाचा प्रोग्रॅमर