गोळी उचलण्याआधी जागा लिहून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या रणभूमीवरच्या गोळ्या, बंदुकांचे गंजलेले तुकडे हौसेने जमवणाऱ्यांसाठी हे पत्र. मीही त्यांच्यातलाच.

पंचवीस वर्षांपूर्वी नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीवर, एका भंगारवाल्याकडून शिशाची गोळी घेतली. मोठ्या बोराएवढी, एका अंगाने चेपलेली, वर पांढरट पापुद्रा. ‘टेकडीकडची आहे, पाया खोदताना निघाली,’ एवढंच तो म्हणाला. घरी आणून ती चिंच-राखेने घासून लखलखीत केली. तो पापुद्रा मळ नव्हता. जमिनीत पडलेल्या शिशावर तो धरतो आणि आतला धातू तोच जपतो. हे कळायला फार उशीर झाला.

नागपूरकर भोसले आणि इंग्रज यांच्यातली सीताबर्डीची लढाई २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी पेटली, ती दुसऱ्या दिवसापर्यंत चालली. अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी धाकटी टेकडी घेतलीही होती. ते नेमके कुठून चढले, गोळीबार कुठे दाट झाला, हे माती सांगू शकते. आदळलेली गोळी चेपते, न उडालेली गोलच राहते. कोणती कुठे पडली, यावरून माणसं कुठे उभी होती ते कळतं. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या जुन्या रणभूमीवर १९८३ च्या वणव्याने गवत जळालं, त्यानंतर संशोधकांनी मेटल डिटेक्टरने शोधून प्रत्येक काडतुसाची जागा नकाशावर मांडली. १८७६ ची ती लढाई कशी सरकत गेली, ते त्यातून उलगडलं. तीच काडतुसं कुणाच्या खिशातून गेली असती, तर नुसतं पितळ उरलं असतं.

नागपूरच्या कस्तुरचंद पार्क मैदानात तोफा निघाल्या, त्या मोठ्या म्हणून दिसल्या तरी. गोळी, चकमकीची गार, तोड्याच्या बंदुकीचा चाप पोकलेनच्या मातीबरोबर ट्रकमध्ये जातो. म्हणून विनंती आहे, मुद्दाम उकरायला जाऊ नका. बांधकामात काही दिसलंच तर हात लावण्याआधी फोटो घ्या, जागा आणि खोली लिहा, घासू नका, तेल लावू नका, आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. जमिनीत सापडलेल्या जुन्या ठेव्यांसाठीचा १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ पासूनच्या मध्यवर्ती संग्रहालयात, अशा नोंदींसाठी एक वही ठेवली तर लोक नक्की येतील.

माझी गोळी द्यायला मी उद्याच तयार आहे. पण ‘कुठे सापडली’ या रकान्यात मी काय लिहू?

आपला,
एक वाचक, महाल, नागपूर