पहिली चिठ्ठी

डोंबिवली,
कोजागिरीनंतरचा बुधवार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो पोचले. तुझ्या आईनं ते सोसायटीत सगळ्यांना दाखवून झाले, आता फक्त दूधवाला राहिलाय. पिवळी-तांबडी झाडं, नेकार नदीच्या काठच्या उतारांवरचे द्राक्षांचे मळे, रस्त्यावर पानांचा खच. सुरेख आहे. पण खाली तू लिहिलंस, 'बाबा, इथला शरद बघा, सगळी पानं गळतायत', तेवढं मात्र मला खटकलं. निवृत्त माणसाला खटकायला वेळ असतो, म्हणून सांगतो. आपल्या शरदात पान गळत नाही. पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. शरद म्हणजे पाऊस परतल्यावर धुऊन वाळत घातलेलं आभाळ, दुपारी ऑक्टोबरचा चटका आणि पहाटे पायाशी ओढलेलं पांघरूण. आपल्याकडे आयुष्यही शरदांनीच मोजलं. शंभर शरद जग, असा आशीर्वाद आहे, शंभर पावसाळे जग असा नाही. (पावसाळे आपण अनुभव सांगताना मोजतो.)

सोमवारी आश्विनी झाली. थोरल्या अपत्याला ओवाळायचं, आणि थोरलं अपत्य स्टुटगार्टला मीटिंगमधून बाहेर येऊन ऑफिसच्या जिन्यात उभं. तुझ्या आईनं फोन पाटावर ठेवला, त्यालाच कुंकू लावलं. स्क्रीनवर लागलेलं कुंकू अजून पुसू देत नाहीये. फोन उचलला की तुझा काय, गॅसवाल्याचा चेहराही सौभाग्यवती दिसतो.

हे पत्र मात्र त्याआधीच्या शनिवार-रविवारबद्दल आहे. आम्ही चौघे रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीला जाऊन आलो. मी, नाशिकचा काका, बँकेतला काका आणि ठाण्याचा काका. छत्तीस वर्षांनी. १९८९ साली गेलो होतो ते पहाटेची कसारा लोकल, पुढे जीप करून घोटी, घोटीहून शेंडीची एसटी, आणि शेंडीहून भंडारदऱ्याच्या पाण्यातून लाँचनं रतनवाडी. धरण १९२६ चं, आता शंभरीला आलं. या वेळी बँकेतल्या काकाच्या गाडीतून पाण्याच्या कडेकडेनं गेलो, एसी लावून. अमृतेश्वराच्या देवळापाशी उतरल्यावर चौघांनी एकदमच कंबर धरली. पुष्करणीशेजारी चार म्हातारे कमरेवर हात ठेवून उभे. विठ्ठल तरी एकटाच असतो.

रात्री गावात एका घरी उतरलो. अंगणात बाज, तांदळाची भाकरी, पिठलं, खुरासणीची चटणी. समोर खाचरात हळवं भात पिकून पिवळं पडलेलं, गरवं अजून हिरवं. त्रयोदशीचा चंद्र रतनगडाच्या अंगावर आला तसा ठाण्याचा काका गायला लागला आणि घरधन्यानं नम्रपणे सांगितलं की गाई बुजतात. तेव्हा गाणं आवरलं.

सकाळी गड चढायला लागलो. प्रवरा इथेच उगम पावते, त्यामुळे सुरुवातीची वाट तिला ओलांडत ओलांडत जाते. मग दाट झाडी. कारवीचं यंदा वर्ष नव्हतं. ती सात वर्षांनी एकदा फुलते, एरवी नुसत्या हिरव्या काठ्या. पण झाडी संपते तिथून सोनकीनं सगळे उतार पिवळे केलेले. तुझ्या फोटोतलं पिवळं जातानाचं होतं, हे येतानाचं. दोन्ही मोबाइलवर शेजारी शेजारी ठेवून बघितली.

वर लोखंडी शिड्या लागतात, त्या चढल्या की गणेश दरवाजा. पहिल्या शिडीला हात लावला आणि माझ्या उजव्या गुडघ्यानं सांगितलं, बस. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी इथेच थांबतो. त्यावर नाशिकचा काका खाली बसला आणि बूट काढायला लागला. म्हणे बूट चावतोय, टाचेला फोड आलाय. बाकीचे दोघे वर गेले. मी त्याच्या टाचेकडे पाहिलं. फोड नव्हता. साधा लालही डाग नव्हता. दीड तास तो माझ्याबरोबर त्या दगडावर एक पाय अनवाणी ठेवून बसला, आणि आठवण झाली की मध्येच टाच चोळायचा.

आता तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी तुला माहीत नाही. तू नववीत होतीस तेव्हा माझी कंपनी बंद पडली. तुम्हा दोघांना आम्ही सांगितलं होतं की बाबांची बदली व्हायची आहे, म्हणून ते घरी असतात. अकरा महिने बदली होत होती. तेव्हा आमची भिशी होती, आठ जणांची, महिना दोन दोन हजारांची. त्या फेरीची पहिली चिठ्ठी माझी निघाली. सोळा हजार. त्यात तुझ्या क्लासची फी गेली आणि घराचे थकलेले दोन हप्ते. नशीब म्हटलं. माझा दर महिन्याचा हप्ता नाशिकचा काका परस्पर भरायचा, 'नंतर दे' म्हणून. फेरी संपली, नवी सुरू झाली, पहिली चिठ्ठी पुन्हा माझी. तेव्हाही नशीबच म्हटलं. आपल्या घरी काढली होती ती भिशी. सगळे गेल्यावर तुझी आई स्टीलची वाटी घासायला घेऊन गेली आणि लगेच परत आली. वाटीत सात चिठ्ठ्या उरल्या होत्या. तिनं एकेक उलगडून ओट्यावर मांडली. सातही चिठ्ठ्यांवर माझंच नाव. अक्षर नाशिकच्या काकाचं, ते वाकडं 'र' मी कुठेही ओळखीन.

म्हणजे बाकीच्या सातही जणांना माहीत होतं. प्रत्येकानं आपल्या घरी काहीतरी अडवून धरलं असणार. हे कळल्यावर मी काय केलं? काहीच नाही. हिंमत झाली नाही. नोकरी लागल्यावर त्याचे भरलेले हप्ते पाकिटात घालून दिले, त्यानं न मोजता खिशात टाकले, विषय संपला. चिठ्ठ्या मात्र कपाटात आहेत, तुझ्या जन्मपत्रिकेच्या पिशवीत.

परवा त्या दगडावर बसून मला वाटलं, आता बोलावं. पण काय म्हणणार? आभार? तो शब्द आपल्याकडे सभेच्या शेवटी येतो. कुणीतरी माइकपाशी आभारप्रदर्शनाला उभं राहतं आणि लोक चपला शोधायला लागतात. मी दोनदा घसा साफ केला. तो म्हणाला, पाणी पी. मी पाणी प्यालो.

मग तुझा मळ्यांचा फोटो दाखवला. तो त्यानं बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला. तारा कशा ओढल्यात, दोन ओळींत अंतर किती, उतारावर पाणी कसं जात असेल. म्हणाला, 'यांची तोडणी झाली, आणि आपली आता छाटणी.' नाशिककडे गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, याच दिवसांतली, द्राक्ष मग जानेवारीच्या पुढे. मी विचारलं, झाली का तुझी छाटणी? अर्धी झालीय म्हणाला. पाऊस हटत नाही, ओल्यात फूट आली की डावणी रोग घुसतो, फवारणी एक दिवसही चुकवता येत नाही आणि औषधवाल्याची उधारी मागच्या हंगामाची तशीच आहे. हे सगळं त्यानं टाच चोळत सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाच्या बागेचं.

तेवढ्यात वरून फोटो आला. नेढ्यात, म्हणजे गडावरच्या कातळातल्या आरपार भोकात, दोघे काका बसलेले, केस वाऱ्यानं उभे, मागे अलंग-मदन-कुलंग हे गड. १९८९ च्या फोटोत तिथे आम्ही चौघे आहोत, तू पाहिला आहेस तो, ज्यात माझा शर्ट मागून फाटलेला दिसतो. काका म्हणाला, 'आपली जागा रिकामी ठेवलीय बघ त्यांनी.' खरंच, दोघे एका कडेला सरकून बसले होते.

परतताना गाडीत मी विषय काढला की भिशी पुन्हा सुरू करू. चौघांचीच, पाच पाच हजारांची. बँकेतल्या काकानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच हो म्हटलं. ठाण्याचा काका झोपेतच हो म्हणाला. वीस हजारांत बागेचं काय होतं म्हणा, फवारणीचे काही दिवस निघतील. पहिली भिशी येत्या रविवारी आपल्याकडे. मी म्हटलं, चिठ्ठ्या मी लिहीन.

नाशिकचा काका खिडकीबाहेर बघत होता. घोटी येईपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, 'तुझं अक्षर कुणाला लागत नाही. नीट काढ.'

आई म्हणते थंडीचे कपडे विकत घे, पैसे वाचवू नकोस.

तुझे,
बाबा