कॅमेरा बंद ठेवायला सांगणाऱ्या मॅडमना

प्रिय मॅडम,

तुम्ही टीम सोडलीत तेव्हा निरोपाच्या कॉलवर सगळ्यांनी दोन-दोन वाक्यांत आभार उरकले. माझे तेवढ्यात मावणारे नव्हते. शिवाय माझ्यासारख्याच घरून नोकरी करणाऱ्या आयांनीही ते वाचावेत असं वाटलं, म्हणून हे जाहीर पत्र.

घरून काम मिळालं तेव्हा सगळ्यांनी माझं अभिनंदनच केलं होतं. प्रवास वाचला, मूल डोळ्यांसमोर राहणार, आणखी काय हवं! पुढे त्याच कौतुकाचं 'घरीच तर असतेस' झालं. नळ दुरुस्तीला माणूस येणार असेल तर दार मी उघडायचं, कारण मी घरीच. शाळेतून फोन आला तर मीच. आणि ऑफिसचा कॉल रात्री लांबला तरी काय बिघडलं, घरीच तर आहे!

तुम्ही एकदा ते प्रत्यक्ष पाहिलंत. मी आकडे वाचून दाखवत होते आणि टेबलाखालून एक छोटा हात बुटाची सुटलेली नाडी घेऊन वर आला. मी म्यूट केलं, एका हाताने गाठ मारली, अनम्यूट केलं, आणि कुठल्या ओळीवर होते तेच आठवेना. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, असं सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये मांडलं आहे. आमचा अख्खा दिवसच असा अडकलेल्या लक्षाचा असतो. संध्याकाळी जीव मेटाकुटीला येतो आणि दिवसभर केलं काय, ते धड सांगता येत नाही.

त्या कॉलनंतर तुम्ही मला थांबवून घेतलंत. मला वाटलं, आता ध्यान, योग, 'स्वतःसाठी वेळ काढ' वगैरे ऐकावं लागणार. (तो वेळ कुठून काढायचा, हे सांगणारं अजून कोणी भेटलेलं नाही.) तुम्ही म्हणालात, "मला मूल नाही, मला यातलं कळत नाही. दिवसभरात तू काय काय लक्षात ठेवतेस, तेवढं मला लिहून पाठव."

केलेली कामं नाही, लक्षात ठेवलेली. लिहायला बसले तर लसीची तारीख, संपत आलेलं औषध, शाळेच्या सहलीचा फॉर्म, नवरा तो फॉर्म भरणार होता त्याने भरला का, असं संपेचना. २०१९ मध्ये ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी घरातल्या या डोक्याच्या कामाचे चार टप्पे सांगितले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि ते झालं की नाही यावर नजर ठेवणं. त्यांनी अभ्यासलेल्या जोडप्यांत निर्णय बऱ्याचदा दोघं मिळून घेत, पण पहिला आणि शेवटचा टप्पा जास्त करून बायकांकडे होता. माझी यादी वाचून नवराही गप्प झाला. 'सांग ना, मी करतो' असं म्हणायचा तो. पण सांगणं हेच तर काम होतं! आता शाळा पूर्णपणे त्याच्याकडे आहे, आठवण ठेवण्यासकट.

ऑफिसची बाजू तुम्ही हातात घेतलीत. मूल शाळेतून येतं त्या तासात मीटिंग नाही, हा नियम माझ्या एकटीसाठी न करता तुम्ही सगळ्या टीमला लावलात. गरज नसेल तिथे कॅमेरा बंद ठेवा म्हणालात. दिवसभर स्वतःचाच चेहरा पडद्यावर बघत बसण्यानेही माणूस थकतो, हे स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये लिहिलं होतं. मला मात्र मागचा पसारा दिसणार नाही, याचाच आनंद जास्त झाला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या करताना त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट हाताळल्या न गेलेल्या दीर्घकाळच्या ताणातून येणारी अवस्था, असं म्हटलं. म्हणजे दुरुस्ती बाईची नाही, कामाची करायची. पण ही व्याख्या फक्त नोकरीपुरती आहे. जिचं ऑफिस आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत आहे, तिने कुठला शीण कुठला हे कसं निवडायचं? तुम्ही ते निवडत बसला नाहीत. दोन्हीकडची यादी एकत्रच मागितलीत.

आणि सगळ्यात मोठे आभार त्या वर्षीच्या अप्रेझलसाठी. त्यात 'घरची जबाबदारी सांभाळूनसुद्धा' असं कुठेही नव्हतं. माझ्या कामाबद्दल तीन ओळी होत्या, त्यातली एक चांगलीच कडक. अहवाल वेळेवर येतात पण निष्कर्ष शेवटी दडलेले असतात, असं तुम्ही लिहिलं होतंत. कितीतरी दिवसांनी कोणीतरी मला नुसती कर्मचारी म्हणून वाचलं होतं. निष्कर्ष आता पहिल्या पानावर असतात, मॅडम.

तुमच्या जुन्या टीममधली,
एक आई