यंदा ईस्टरला येत नाही

प्रिय आई-बाबा,

रविवारी फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितोय. यंदा ईस्टरला आम्ही वसईला येत नाही. इथल्या चर्चच्या 'नाईट्स ऑफ कोलंबस' या कॅथलिक पुरुषांच्या मंडळाचा मी सभासद झालोय आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाचं काम अंगावर घेतलंय.

बाबा, गुप्त मंडळं चर्चला चालत नाहीत, हेच तुम्ही म्हणणार. अहो, म्हणून तर हे निघालं! १८८२ साली, इथे अमेरिकेत, कनेक्टिकटमध्येच, न्यू हेवनच्या सेंट मेरीज चर्चमध्ये फादर मायकल मॅकगिव्हनींनी काढलं. कमावता माणूस गेला की बायको-पोरं उघड्यावर यायची; त्यांना मदत मिळावी म्हणून पुरुषांनी वर्गणी काढायची. फादर सेमिनरीत असतानाच त्यांचे वडील वारले होते, त्यांना ते ठाऊक होतं. शपथसुद्धा आता घरच्यांसमोर होते. तुमची सून पहिल्याच बाकावर होती. तुम्ही गरिबांना मदत करणाऱ्या व्हिन्सेंट द पॉल मंडळाच्या कामाला तांदळाची पिशवी घेऊन निघायचात आणि मी सायकलच्या दांडीवर बसायचो, आठवतं? तेच हे काम.

आणखी एक. जानेवारीत तुमच्या सुनेला सर्दी झालीय असं सांगितलं होतं, तो न्यूमोनिया होता. रागावू नका. आता ती ठणठणीत आहे. मी तिच्याजवळ इस्पितळात होतो तेव्हा याच मंडळींनी दारातला बर्फ उपसला, त्यांच्या बायकांनी आठ दिवस पोरांना जेवू घातलं. आपल्या आळीत कुणी आजारी पडलं की जसं होतं, अगदी तसं. त्यांना आता नाही कसं म्हणू?

शुक्रवारी चर्चच्या तळघरात कॉड मासा तळतो. हात कोपरापर्यंत पिठाने माखतात. आई, पहिला तुकडा तेलात चर्रकन वाजला आणि तू तव्यावर बोंबील उलटतेयस असंच वाटलं. डोळे भरून आले गं.

जुलैत नक्की येतोय, महिनाभर. तिकिटं काढलीत.

तोवर बाबा, पहाटे वाडीत मोटर लावायला एकट्याने जायचं नाही. रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर, विसरायची नाही. उपवास या वर्षी पुरे, फादरांना विचारून घ्या, तेही हेच सांगतील. आणि आई, गुडघ्याच्या एक्स-रेचा फोटो आजच पाठव. शेजारच्या पोराकडून काढून घे, पण आजच.

तुमचा,
बाळ