काकाजी, त्या टेबलाची चूक माझी होती

काकाजी, नमस्कार.

तुमच्याकडे साधा बटनवाला फोन आहे हे माहीत आहे, म्हणून हे तुमची नात तुम्हाला वाचून दाखवणार, तिला मी सांगून ठेवलंय. तोंडावर बोलायला गेलो की तुम्ही "हाव बरं, च्या पे" म्हणून विषयच संपवता. म्हटलं लिहूनच टाकू, आणि सगळ्यांसमोर लिहू. सगळ्यांसमोर काहून ते पुढे येईलच.

मला लाकडाचं फर्निचर बनवायचं वेड लागलं तेव्हा माझ्याकडे काय होतं तर मोबाईल. दिवसभर वरोऱ्याच्या एका कृषी केंद्रात खताच्या थैल्यांचा हिशोब आणि रात्री यूट्यूब. तिथे सगळे गोरे लोक टेबल सॉ, म्हणजे लाकूड कापायची मोठी मशीन, घेऊन उभे, आणि सुरुवातच अशी की तुमच्या गॅरेजचा एक कोपरा मोकळा करा. आमच्याकडे गाडीच नाही तर गॅरेज कुठलं! समोरची खोली दिवाळीपासून कापसानं भरलेली, भाव वाढंल म्हणून बाबा विकायला तयार नाहीत, आणि अंगणात रंधा मारला तर भुसा उडून कापसात जाईल म्हणून आईचा आरडाओरडा. लाइनीचं, म्हणजे विजेचं, तर बोलायलाच नको. एवढं सगळं असून मी मशीन हप्त्यावर घ्यायला निघालो होतो. तुम्ही एकच विचारलं, "ठिवशीन कुठी?" आणि मी गप्प झालो तर म्हणाले, "माही छपरी अर्धी रिकामी आहे. ये."

ती अर्धी रिकामी काहून होती हे मला लय उशिरा समजलं. तिथे तुम्ही बैलगाड्या, वखर, तिफण बनवायचे. ट्रॅक्टर आले आणि ते काम घेऊन कोणी येईना, तेवढी जागा मोकळी पडली आणि त्या जागेत मी आलो. हे तुम्ही कधी बोलले नाही, मीच एकदा कोपऱ्यातला बाभळीचा ओंडका पाहून विचारलं होतं.

पहिले आठ दिवस तुम्ही मला लाकडाला हातच लावू दिला नाही, नुसती पटाशी आणि रंध्याचं पातं घासायला बसवलं. मला राग यायचा खरं सांगतो. मग एका संध्याकाळी रंध्यातून कागदासारखी पातळ साल निघाली आणि राग गेला. चिकटवलेलं लाकूड आवळून धरायचे शिकंजे घ्यायला पैसे नव्हते तर तुम्ही दोरी गुंडाळून त्यात काडी घालून पिळ दिला, खाली पाचर ठोकली, फेविकॉल रात्रभर त्याच्यातच वाळलं. चौकट काटकोनात आहे का ते गुण्यापेक्षा, म्हणजे सुताराच्या काटकोनी पट्टीपेक्षा, सुतळीनं पाहायला शिकवलं, दोन्ही तिरके कोपरे मोजायचे, सुतळी सारखी आली तर चौकट बरोबर. लांब चिरायचं काम आरामशीनवर न्यायचं, प्लायची शीट दुकानातूनच मापात कापून आणायची, बाकी हातानं. वर्कशॉप म्हणजे छपरी, आरामशीन आणि प्लायचं दुकान असं तीन जागी पसरलेलं असू शकते हे मला कोणत्याच व्हिडिओत दिसलं नव्हतं.

आणि तो लाकडाचा हिशोब! लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हीचा गुणाकार करून 144 नं भागा, आलं घनफूट. 7 फूट लांब, 8 इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे 0.58, आणि एका ठिकाणी मला तिचे पाऊण फूट लावत होते. तुम्ही सोबत नसते तर मी देऊन आलो असतो. मार्च 2023 मध्ये आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचं सागवान राम मंदिरासाठी बल्लारशाहून मिरवणूक काढून अयोध्येला रवाना झालं, मीपण फोटो काढले, आणि माझी स्वतःची ऐपत मात्र पडलेल्या घराच्या जुन्या पाट्यांची. तेही तुम्हीच सांगितलं, जुनं लाकूड वाळून बसलेलं असते, फक्त रंधा लावायच्या आधी चुंबक फिरवायचा, खिळा राहिला तर पात्याचं वाटोळं.

आता मुद्द्यावर येतो. मास्तरांचं स्टडी टेबल, माझी पहिली पैशाची ऑर्डर. जुनं लाकूड शोधायला वेळ लागंल म्हणून मी ऑगस्टमध्ये ताजं चिरलेलं सागवान आणलं. तुम्ही फळी हातात घेऊन नुसती तोलली आणि म्हणाले, "वल्लं आहे पोट्ट्या. इंचाले वर्ष लागते वाळाले. उन्हाळ्यात हे आपलं तोंड दाखवन." मी ऐकलं नाही. वरून टॉप चारही बाजूंनी स्क्रूनं घट्ट आवळला, मजबूत पाहिजे म्हणून. मे महिना आला, आपल्याकडचा 45 चा पारा, आणि टॉप मधातून फाटला, बोट जाईल एवढा.

मास्तरांचा फोन आला तेव्हा मी तीन दिवस उचलला नाही. तुम्हीच मला सायकलवर मागे बसायला लावून नेलं, या वयात. मास्तर चिडलेलेच होते. मी तोंड उघडायच्या आधी तुम्ही म्हणाले, "पोट्टं माह्या हाताखाली आहे, चूक माही. म्या पाह्यलं नाही." आणि मी, काकाजी, मी काहीच बोललो नाही. मान खाली घालून उभा राहिलो, मनात सुटलो म्हणून बरं वाटत होतं, हे तर जास्तच वाईट. तुम्ही तिथेच टॉप खोलला, फटीत वाळल्या सागाची पट्टी बसवली, खालच्या पट्टीतली स्क्रूची भोकं पटाशीनं लांबट केली. परत येताना एवढंच बोलले की फळी लांबीत हलत नाही, रुंदीत हलते, तिले जागा सोडायची.

तर मास्तर, तुम्हीपण हे वाचत असाल तर ऐका, काकाजींनी पाहिलं होतं, मला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं, चूक पूर्ण माझी आहे. गावात ज्यांनी ज्यांनी "म्हाताऱ्याची नजर गेली आता" म्हटलं त्यांच्यासाठीपण हेच.

काकाजी, धन्यवाद. छपरीचं भाडं तुम्ही घेणार नाही, ते मी विचारत नाही. तुमची पाऊण इंची पटाशी अजून माझ्याकडेच आहे, तिची मूठ माझ्याच हातून फुटली होती आणि मी ते लपवलं होतं. बाभळीची नवी मूठ घडवली आहे, रविवारी घेऊन येतो. लाकूड वाळलेलं आहे, तुमच्याच कोपऱ्यातल्या ओंडक्याचं.