पुरस्कार नाटकाचा, मानपत्र मालिकांचे

माननीय संपादक महोदय,

नाटकासाठी दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांना महाराष्ट्रात तोटा नाही. १४ जूनला गोविंद बल्लाळ देवलांच्या स्मृतिदिनी नाट्य परिषदेचे पुरस्कार दिले जातात, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनी सांगलीत विष्णुदास भावे यांच्या नावाचे गौरव पदक दिले जाते, डिसेंबरात पुण्यात तन्वीर सन्मान होतो, राज्य शासनाचा प्रभाकर पणशीकरांच्या नावाचा जीवनगौरव आहे, आणि याखेरीज पुण्याच्या पेठापेठांतल्या संस्था व प्रतिष्ठाने आपापल्या ऐपतीप्रमाणे शाल-श्रीफळ देतच असतात. माझी तक्रार या पुरस्कारांच्या संख्येविषयी नाही आणि ते कोणाला मिळतात याविषयीही फारशी नाही. ती मानपत्रांविषयी आहे.

अलीकडेच शहरातल्या एका नाट्यगृहात एका ज्येष्ठ अभिनेत्रीचा रंगभूमीवरील प्रदीर्घ कारकिर्दीबद्दल गौरव झाला. व्यासपीठामागच्या फलकावर त्यांचे जे छायाचित्र होते ते एका दैनंदिन मालिकेतल्या भरजरी सासूबाईंचे. सूत्रसंचालकांनी परिचय करून देताना चित्रपटांची नावे घेतली, मालिकांची घेतली, एका जाहिरातीचाही आवर्जून उल्लेख केला आणि नाटकांपाशी आल्यावर "अनेक दर्जेदार नाटकांतून त्यांनी रसिकांच्या मनावर अधिराज्य गाजवले" एवढ्यावर आटोपते घेतले. मानपत्रात 'अष्टपैलू', 'चतुरस्र', 'संवेदनशील' अशी सर्व विशेषणे होती, नाटकाचे नाव मात्र एकही नव्हते. पाहुण्यांची भाषणे झाल्यावर उरलेल्या थोड्या वेळात त्या बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनीच आपल्या पहिल्या दिग्दर्शकाची आठवण काढली आणि प्रेक्षकांकडे पाठ करून उभे असताना वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत कसे पोहोचवायचे हे त्या दिग्दर्शकांनी तालमीत कसे घोटून घेतले, ते सांगितले. नाटकाविषयी त्या संध्याकाळी कामाचे असे जे बोलले गेले ते एवढेच, आणि तेही चालू असताना वेळ संपल्याची चिठ्ठी त्यांच्या हातात देण्यात आली.

रंगभूमीचा पुरस्कार चित्रपटात किंवा मालिकांत नाव झालेल्या नटाला देऊच नये, असा एक सोवळा सूर पुण्यात अधूनमधून ऐकू येतो. तो मला मान्य नाही. डॉ. श्रीराम लागू आफ्रिकेतला वैद्यकीय व्यवसाय सोडून १९६९ मध्ये पूर्णवेळ नट झाले ते नाटकासाठी. हिंदी चित्रपटांतले काम त्यानंतरचे. निळू फुले चित्रपटांतला पाटील होण्याआधी सेवा दलाच्या कलापथकात आणि लोकनाट्यात घडले होते. रोहिणी हट्टंगडी यांना 'गांधी' चित्रपटातल्या कस्तुरबांच्या भूमिकेसाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, पण कर्नाटकातले यक्षगान आणि जपानी काबुकी यांसारख्या रंगप्रकारांतही काम केलेल्या या नटीला संगीत नाटक अकादमीने २००४ मध्ये जो पुरस्कार दिला तो रंगभूमीसाठी होता. दोन वेगळ्या कामांचे दोन वेगळे सन्मान. त्यात कोणाची गल्लत झाली नाही. अशोक सराफ यांना मिळालेले महाराष्ट्र भूषण किंवा पद्मश्री हे सन्मान माणसाच्या एकूण कर्तृत्वाकडे पाहून दिले जातात, तेथे चित्रपट आणि नाटक वेगळे काढण्याचे कारण नाही. मात्र ज्या पुरस्काराच्या नावातच रंगभूमी आहे, त्याने त्या माणसाचे रंगभूमीवरचे काम कोणते हे सांगायला हवे, मग तो माणूस घराघरांत पोहोचलेला असो वा नसो.

हा आग्रह वरवरचा वाटेल, परंतु त्यामागे कारण आहे. चित्रपटातले काम टिकते. त्यासाठी आपल्याच शहरात, विधी महाविद्यालय रस्त्यावर, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ पासून तेथे चित्रफिती, भित्तिपत्रके, गाण्यांच्या पुस्तिका जपल्या जात आहेत. नाटकातल्या भूमिकेला असे घर नाही. पडदा पडला की ती ज्यांनी पाहिली त्यांच्या आठवणीत जाते, आणि तो प्रेक्षक गेला की आठवणही जाते. अलीकडे काही प्रयोगांचे चित्रीकरण होते हे खरे, तथापि ज्यांना आज जीवनगौरव दिला जातो त्यांच्या उमेदीच्या काळातले बहुतेक प्रयोग त्यात सापडायचे नाहीत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ज्यांच्या नावाचे रंगमंदिर आपण मिरवतो त्या बालगंधर्वांचेच आहे. नारायणराव राजहंसांनी भामिनी, सिंधू, रुक्मिणी उभ्या केल्या आणि स्त्रियांनी त्यांच्या नेसण्या-बोलण्याचे अनुकरण केले, ही कीर्ती रंगभूमीवरची. १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा' या चित्रपटात त्यांनी काम केले ते संत एकनाथांचे, आणि ज्या कलेसाठी ते अजोड होते तिला त्या पुरुषवेषात वावच नव्हता. समजा, 'धर्मात्मा'चाच तेवढा पुरावा ग्राह्य धरला, तर बालगंधर्व म्हणजे एकनाथ झालेले एक गायक नट, एवढाच निष्कर्ष निघेल. त्यांच्या भूमिकांची खरी कल्पना येते ती गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकांवरून आणि तो काळ पाहिलेल्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणींवरून. म्हणजे कोणीतरी लिहिले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

निळू फुल्यांच्या बाबतीतही हेच. पुण्यात सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करून नाटक करणारा हा नट आजच्या विशीतल्या मुलांना माहीत आहे तो खलनायक म्हणून आणि नकलाकारांनी गुळगुळीत केलेल्या एका आवाजापुरता. 'सामना' चित्रपटातले त्यांचे आणि लागूंचे प्रसंग आज कोणीही घरबसल्या पाहू शकतो. पण १९७२ मध्ये ज्या 'सखाराम बाइंडर' नाटकाने परिनिरीक्षण (सेन्सॉर) मंडळापासून न्यायालयापर्यंत खळबळ उडवली, त्यातला त्यांचा सखाराम कसा बसत होता, मृदंग पुढ्यात घेताना कसा बदलत होता, हे पाहणाऱ्यांकडूनच ऐकावे लागते. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला. त्यातले नायक गणपतराव बेलवलकर लागूंनी केले, दत्ता भटांनी केले, यशवंत दत्तांनी केले; प्रत्येकाचे बेलवलकर वेगळे होते असे जुने लोक सांगतात आणि त्यावरून भांडतातही. २०१६ मधल्या चित्रपटानंतर नव्या पिढीपुढे बेलवलकरांचा चेहरा नाना पाटेकरांचा आहे. त्यात नानांचा काही दोष नाही. रंगभूमीवरल्या तिघांतला फरक कोणी नेमकेपणाने नोंदवून ठेवला असता, तर तो वाद निदान पुराव्यानिशी घालता आला असता.

म्हणून मानपत्राकडे मी समारंभातला एक उपचार म्हणून पाहत नाही. एखाद्या नटाच्या रंगमंचावरील कामाविषयी जाणकारांनी एकत्र बसून, विचार करून, लेखी स्वरूपात काही म्हणावे अशी संधी त्याच्या हयातीत फार तर दोन-चार वेळा येते, आणि आपण ती विशेषणांत घालवतो. प्रभाकर पणशीकरांचे उदाहरण घ्या. त्यांना 'हरहुन्नरी' म्हटल्याने काहीच कळत नाही. १९६२ पासून त्यांनी 'तो मी नव्हेच'मध्ये एकाच खटल्यातल्या आरोपीची पाच रूपे उभी केली, फिरत्या रंगमंचामुळे प्रसंग पाठोपाठ येत असल्याने वेष बदलायला वेळ जेमतेम मिळे, आणि तरीही निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याची बोली दुसऱ्या रूपात डोकावणार नाही याची दक्षता त्यांना घ्यावी लागे, असे लिहिले की नाटक न पाहिलेल्यालाही त्या कामाची जात समजते. अशा चार ओळी लिहायला निवड समितीतल्या एका माणसाला एक दुपार द्यावी लागेल. जुन्या हस्तपत्रिका, नाटकाच्या जाहिरातींची कात्रणे, सहकलाकारांची फोनवरची माहिती एवढे साहित्य पुरते. आणि पुण्यात तर अशी कात्रणे वर्षानुवर्षे बासनात बांधून ठेवणारी माणसे प्रत्येक वाड्यात नसली तरी प्रत्येक पेठेत निश्चित आहेत.

मानपत्रात किमान नाटक, भूमिका, नाट्यसंस्था, दिग्दर्शक आणि वर्ष यांची यादी असावी. ती यादी व्यासपीठावर वाचण्याची गरज नाही, मागे जोडली तरी चालेल. तिच्यात बदली भूमिकांचाही समावेश असावा, कारण आपल्या व्यावसायिक रंगभूमीचा कितीतरी डोलारा बदली कलाकारांवर उभा राहिला आहे. मूळ नटाने सोडलेली भूमिका चार तालमींत उचलून दौऱ्यावर निघणाऱ्या माणसाचे नाव जाहिरातीतही नीट येत नसे. प्रायोगिक आणि हौशी रंगभूमीवरच्या कामाचेही तसेच. भरत नाट्य मंदिरात १६ डिसेंबर १९७२ रोजी 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा मोहन आगाशे वैद्यकीय क्षेत्रातले हौशी नट होते, आणि त्या नाटकातली माणसांची हलती भिंत ज्यांनी उभी केली ते नोकरी, महाविद्यालय सांभाळून तालमीला येणारे तरुण होते. त्यांच्यापैकी काहींची नावे पुढे मोठी झाली, बाकीच्यांची जुन्या हस्तपत्रिकांतच राहिली.

कारणे देण्याची सवय आपल्याला नाही असेही नाही. १९६३ पासून चालणाऱ्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीत २०२२ साली परीक्षकांनी करंडक कोणत्याच संघाला दिला नाही. निर्णय योग्य की अयोग्य यावर शहरभर वाद झाला, महाविद्यालयांचे कट्टे तापले आणि परीक्षकांना आपली बाजू मांडावी लागली. अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या एकांकिकेला जर आपण कारण देण्याचा हा निकष लावतो, तर जीवनगौरव देताना तो का गुंडाळून ठेवतो? वयाचा आदर म्हणून, असे उत्तर मिळेल. पण वय झाले म्हणून दिलेला पुरस्कार हा आदर नव्हे, ती एक प्रकारची सेवानिवृत्तीची शाल होते, आणि नटांना ते बरोबर समजते.

आयोजकांची अडचण मी जाणतो. सभागृहाचे भाडे, प्रवासखर्च, स्मृतिचिन्हे यांसाठी प्रायोजक लागतात आणि प्रायोजकाला ओळखीचा चेहरा हवा असतो. नाटकाच्या जाहिरातीतसुद्धा नटाच्या नावापुढे 'अमुक मालिका फेम' असे छापावे लागते, त्याशिवाय आरक्षणाची खिडकी हलत नाही. मग समारंभाकडून वेगळी अपेक्षा कशी करायची? माझे म्हणणे एवढेच की चेहऱ्यावर सभागृह भरू द्या, पण भरलेल्या सभागृहाला काय ऐकवायचे ते आपल्या हातात आहे. संगीत नाटक अकादमीच्या पुरस्कारांबरोबर पुरस्कारप्राप्त कलावंतांच्या सादरीकरणाचा महोत्सव होतो, म्हणजे ज्या कामासाठी सन्मान दिला ते काम लोकांसमोर येते. आपल्याकडे पाहुण्यांच्या तीन भाषणांपैकी दोन कमी केली, तर तेवढ्या वेळात सन्मानित नटाला एखादा प्रवेश करून दाखवता येईल, प्रकृतीमुळे ते शक्य नसेल तर जाणकाराने त्यांच्याशी एखाद्याच भूमिकेविषयी सविस्तर बोलावे, आणि ते सगळे ध्वनिमुद्रित करावे. हातातल्या मोबाइलवरही ते होईल. पुणेरी पगडीसाठी जेवढी धावपळ होते त्याच्या निम्मी यासाठी पुरेल.

तन्वीर सन्मानाबरोबर दिल्या जाणाऱ्या नाट्यधर्मी पुरस्काराचा या संदर्भात उल्लेख करावासा वाटतो. प्रसिद्धीच्या झोतात नसलेल्या रंगकर्मींकडे पाहण्याची दृष्टी त्यात आहे आणि तो सुरू करणाऱ्या डॉ. लागू दांपत्याने ती जाणीवपूर्वक ठेवली. असा पुरस्कार देताना देणाऱ्याला आपोआपच काम शोधावे लागते, कारण चेहऱ्यावर भागत नाही. नामवंतांना सन्मान देतानाही तेवढेच कष्ट घेतले, तर नामवंतांनाही ते आवडेल असा माझा अंदाज आहे. वर उल्लेखिलेल्या अभिनेत्री आपल्या मालिकेविषयी चकार शब्द बोलल्या नाहीत, यावरून तरी तसेच वाटते.

शेवटी एक विनंती आपल्या वृत्तपत्रालाही. पुरस्काराची बातमी येते तेव्हा पाहुण्यांच्या भाषणाला दोन परिच्छेद मिळतात आणि मानपत्र वगळले जाते. यापुढे रंगभूमीच्या पुरस्कारांची बातमी पाठवणाऱ्या संस्थांकडून भूमिकांची यादी आपण मागून घ्यावी, ती बातमीसोबत चौकटीत छापावी, आणि संस्थेने ती दिली नाही तर तसेही छापावे. पुढच्या वर्षी ती आपणहून येईल.

आपला,
एक जुना नाट्यरसिक,
सदाशिव पेठ, पुणे