फीच्या खालचं वाचायला लावणाऱ्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

तुमचं आणि तुमच्या दुकानाचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण सोलापूरच्या पूर्व भागातले जे कोणी हे वाचतील, त्यांतले बरेच जण कधी ना कधी तुमच्या काउंटरवर आधार कार्डाची झेरॉक्स काढायला उभे राहिलेले असतील. त्यांना कळेल मी कुणाबद्दल बोलतेय.

मी पहिल्यांदा आले ती माझ्या वडिलांच्या, नानांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढायला. नाना टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे. आठ महिने अंथरुणावर होते आणि मी अकरावीत असताना गेले. बचत गटाचा हप्ता दर आठवड्याला होता, घरात अम्मा, मी आणि धाकटी. अम्मा विड्या वळते. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर पानं कापणं, हा माझा दिवस होता. बारावीनंतर इथंच बी.कॉम. करायचं आणि बरोबरीनं अम्माला हात द्यायचा, हे घरात कुणी ठरवलं नव्हतं, पण ठरल्यासारखंच होतं.

त्या दिवशी माझ्या वहीतून एक कागद खाली पडला. बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाची माहिती होती, कॉलेजच्या फलकावर लावलेली, मी हातानं उतरवून घेतलेली. तुम्ही तो उचललात आणि विचारलंत, "हे भरायचंय का?" मी म्हटलं, "नाही काका, फी बघितली." तुम्ही म्हणालात, "फीच्या खालचं वाचलंस का?"

मी वाचलं नव्हतं. फीचा आकडा दिसला की आमच्या घरात कागद मिटतो, पुढं कोण वाचणार? तुम्ही संगणकावर ते पान उघडलंत, स्टूल पुढं केलंत आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागलात. तुमचं इंग्रजी दहावीपर्यंतचं आणि माझं मराठी माध्यमातलं. एका परिच्छेदाला अर्धा तास लागला. त्यात लिहिलं होतं की घरच्या उत्पन्नाप्रमाणे फी, राहणं आणि जेवण यांसाठी पूर्ण किंवा काही प्रमाणात मदत मिळते. ती ओळ तुम्ही दोनदा वाचलीत. दुसऱ्यांदा मला वाचायला लावलीत.

काका, पैसे देऊन मदत करणारी माणसं जगात आहेत, त्यांचेही उपकार मोठे. तुम्ही मला पैसे दिले नाहीत. झेरॉक्सचे, प्रिंटचे पैसे तुम्ही दरवेळी घेतलेत आणि सुटे नसतील तर वहीत मांडलेत. त्यामुळं मला तुमच्या दुकानात कधी मान खाली घालावी लागली नाही. तुम्ही वेळ दिलात, आणि वेळेचा हिशेब मात्र कुठं मांडला नाहीत.

मग कागदपत्रं सुरू झाली. उत्पन्नाचा दाखला काढायला निघालो तेव्हा कळलं की अम्माचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं आहे. आधारवर एक, पासबुकात दुसरं, विडी कामगाराच्या ओळखपत्रावर तिसरं. आम्ही घरात तेलुगू बोलतो. ज्यानं जसं ऐकलं तसं त्यानं लिहिलं. एका कार्यालयातून अम्माला तीनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा ती तुमच्या दुकानात येऊन काही न बोलता बसून राहिली होती. तिचा तो अख्खा दिवस गेला होता, आणि विडीची मजुरी हजार विड्यांमागे असते, बसल्या दिवसाची नसते. तुम्ही प्रतिज्ञापत्राचा मसुदा टाइप करून दिलात. पण त्याआधी एका कोऱ्या कागदावर अम्माचं नाव आधारप्रमाणे मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या हातात दिलंत. "आता जगात कुठंही सही करायची तर हीच," म्हणालात. अम्मानं तो कागद पानं कापायच्या फर्म्याशेजारी भिंतीला चिकटवला.

तेच ओळखपत्र बघून तुम्ही म्हणालात, याच्यावर पोरींना शिष्यवृत्ती असते की. असते, आणि आम्हाला माहीत नव्हतं! विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारच्या कामगार मंत्रालयाकडून इयत्तेप्रमाणे वर्षाला १,००० ते २५,००० रुपये मिळतात, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो. अम्मा किती वर्षं विड्या वळते आहे, कार्ड पत्र्याच्या पेटीत पडून होतं. हे मी मुद्दाम इथं लिहितेय. ज्यांच्या घरात तसं कार्ड आहे त्यांनी आजच पेटी उघडावी.

आणखी एका मोठ्या विद्यापीठाचा अर्ज आपण भरला, त्यात स्वतःविषयी निबंध होता. मी दोन पानं लिहिली. नानांचा खोकला, दवाखाना, हप्ते, अम्माचं रडणं. तुम्ही वाचलीत, चष्मा काढलात आणि म्हणालात, "पोरी, हे सगळं खरं आहे. पण यात तू कुठं आहेस?" मला तेव्हा फार लागलं. दोन दिवस मी आलेच नाही. तिसऱ्या दिवशी आले ती नवं पान घेऊन.

त्यात मी हिशेब लिहिला होता. पंचवीस विड्यांची एक जुडी, चाळीस जुड्यांचा हजार. कारखान्यातून मोजून पानं मिळतात. पानं फाटकी किंवा बारीक निघाली तर हजार पुरा होत नाही, मग कमी पडलेली पानं अम्मा बाजारातून स्वतःच्या पैशानं आणते. विड्या द्यायला गेलं की तपासणारा काही बाजूला काढतो, त्यांची मजुरी मिळत नाही. सहावीपासून हा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर ठेवत होते, कुणी सांगितलं म्हणून नव्हे. हजाराचा दर एक असतो आणि अम्माच्या हातात पडतं ते वेगळंच, ते मला बघायचं होतं. तुम्ही ते पान वाचून काहीच बोलला नाहीत. सरळ टाइप करायला घेतलंत.

त्या विद्यापीठानं मला घेतलं नाही. मी रडले तेव्हा तुम्ही समजूत घातली नाहीत, "पुण्याच्या परीक्षेचं तिकीट काढलंस का?" एवढंच विचारलंत. अझीम प्रेमजीची प्रवेश परीक्षा पुण्यात होती. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं मी पुण्याला गेले, त्याच गाडीनं रात्री परतले. आयुष्यात पहिल्यांदा एकटी. डब्यात अम्माची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती.

मुलाखतीत मी तोच हिशेब सांगितला. त्यांनी विचारलं, बाजूला काढलेल्या विड्यांचं पुढं काय होतं? मी म्हटलं, ते अम्माला आजवर कुणी सांगितलेलं नाही, मला शोधायचंय. मी आता तिथं अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फी, राहणं, जेवण, तिन्हींची पूर्ण मदत मिळाली. पत्र आलं त्या दिवशी तुम्ही ते छापून दिलंत आणि प्रिंटचे पैसे घेतलेत. मला त्याचाही फार आनंद झाला होता.

मुलाखतीचं श्रेय सगळे मला देतात. पण तुमच्या त्या स्टुलावर बसले नसते तर मी मुलाखतीपर्यंत पोचलेच नसते. काका, मनापासून आभार. हे तोंडावर म्हणायला गेले की तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारता, म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितेय.

अम्मा अजून त्याच अक्षरांत सही करते. बँकेत, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर, परवा धाकटीच्या प्रगतिपुस्तकावर. धाकटी यंदा दहावीला आहे. निकाल लागला की फॉर्म घेऊन तुमच्याकडे येईल, आणि तिला आधी फीच दिसेल. तेवढं स्टूल पुढं करा.

तुमची,
पानं कापता कापता उशिरा येणारी मुलगी